मानेचा बाक कसा जपायचा: पहिल्यांदाच लक्ष देणाऱ्यांसाठी

मान दुखते म्हणून एक्स-रे काढला आणि रिपोर्टात 'लॉस ऑफ सर्व्हायकल लॉर्डोसिस' असं छापून आलं, की माणूस निम्मा तिथेच खचतो. घरी कुणीतरी म्हणतं, 'मानेचा बाक गेलाय, आता पट्टा लागणार.' ओळखीत कुणाचं तरी मणक्याचं ऑपरेशन झालेलं असतंच, त्याची गोष्ट निघते. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि या एका ओळीने घाबरलेली माणसं मला सतत भेटतात. त्यातल्या बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. पट्टाही लागत नाही. आपली मान कशी बनली आहे हे समजून घेऊन रोज दहा-पंधरा मिनिटं तिच्यासाठी काढली, तर त्यांचं दुखणं बऱ्यापैकी आटोक्यात येतं. मानेकडे आजवर कधी लक्षच दिलं नाही अशा सगळ्यांसाठी हा लेख आहे. सध्या दुखत नसेल तर उत्तमच, सुरुवात करायला तीच वेळ चांगली.

आधी स्वतःची मान ओळखा

मान थोडी खाली घाला आणि मानेच्या मुळाशी, सदऱ्याची कॉलर जिथे टेकते तिथे, मागून बोट फिरवा. सगळ्यात ठळक टेंगूळ लागतं तो बहुतेकांमध्ये मानेचा सातवा मणका. आता मान सरळ करा आणि बोट तिथून वर कवटीच्या कडेपर्यंत न्या. मधला भाग आत गेलेला जाणवेल. मानेचा नैसर्गिक बाक तो हाच. बाजूने पाहिलं तर मानेचे सात मणके पुढे फुगलेली हलकी कमान करतात. त्यांच्याखाली छातीच्या मागचे बारा मणके उलटे, म्हणजे मागे फुगलेले, आणि कमरेचे पाच पुन्हा पुढे. या तिन्ही कमानी एकमेकींशी बांधलेल्या आहेत. पाठ वाकली की मानेची कमान बदलतेच, म्हणून नुसती मान धरून उपचार करणं सहसा अपुरं पडतं.

बाळ तीन-चार महिन्यांचं झालं, मान धरायला लागलं, की मानेचा हा बाक ठळक होत जातो. उभं राहून चालायला लागलं की कमरेचा. म्हणून बाळ जागं असताना, आपण समोर बसून, त्याला थोडा थोडा वेळ पालथं ठेवणं चांगलं. झोपवताना मात्र पाठीवर, आणि पहिल्या वर्षात उशी नको. डोकं गोल व्हावं म्हणून देतात ती मोहरीची उशीसुद्धा नको.

सर्वात वरचे दोन मणके इतरांपेक्षा वेगळे आहेत. त्यांच्यामध्ये गादी नसते. आपण 'नाही' म्हणताना मान जी फिरते, तिच्यातली जवळजवळ निम्मी हालचाल या दोघांमध्येच होते. दुसऱ्या मणक्यापासून खाली मात्र दर दोन मणक्यांत एक गादी असते. पाचव्या-सहाव्या आणि सहाव्या-सातव्या मणक्यांमधल्या गाद्या सगळ्यात जास्त झिजतात, कारण मान वाकण्याचा मोठा भार तिथेच येतो.

आता वजनाचं गणित. मोठ्या माणसाचं डोकं साधारण साडेचार ते पाच किलोचं असतं. कान खांद्यांच्या वर असतील तर हा भार मणक्यांवरून सरळ खाली उतरतो, स्नायूंना फार राबावं लागत नाही. डोकं पुढे गेलं की ते मागून ओढून धरायचं काम मानेच्या मागच्या स्नायूंवर येतं. भरलेली बादली अंगाशी धरणं आणि हात लांब करून धरणं, यात जो फरक पडतो तोच इथे पडतो. न्यूयॉर्कचे मणक्याचे सर्जन केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये याचं गणिती प्रारूप मांडलं होतं. मान १५ अंश वाकवली की मानेवरचा भार साधारण १२ किलो आणि ६० अंश वाकवली की २७ किलोपर्यंत जातो, असा त्यांचा हिशेब होता. तो प्रत्यक्ष माणसांच्या मानेत मोजलेला आकडा नाही, त्यामुळे मोबाइलने मणका मोडतो असा अर्थ त्यातून कुणी काढू नये. पण मान वाकवून दोन तास बसल्यावर मानेमागे आणि खांद्यांवर जो दगड ठेवल्यासारखा जडपणा येतो, त्याचं कारण त्यात दिसतं.

पोक काढून बसल्यावर आणखी एक गोष्ट घडते, ती सहज लक्षात येत नाही. पाठ गोल होते, मानेचा खालचा भाग पुढे वाकतो, आणि नजर तर समोर हवी असते, म्हणून मानेचा वरचा भाग आपोआप मागे मुडपतो. कवटीच्या कडेखाली जे बारीक स्नायू आहेत ते तासन् तास आखडून राहतात. संध्याकाळी डोक्याच्या मागून वर चढणारी डोकेदुखी पुष्कळदा इथूनच येते.

रिपोर्ट हातात आला तर

मानेचा बाक किती अंशांचा असावा याचा आकडा साधारण २० ते ४० असा सांगितला जातो. पण ही काही परीक्षेतल्या पासाची रेघ नाही. ज्यांची मान कधीच दुखली नाही अशा कितीतरी निरोगी माणसांची मान एक्स-रेमध्ये सरळ दिसते, काहींची तर किंचित उलट्या बाजूला झुकलेलीही दिसते. एक्स-रे काढताना हनुवटी थोडी आत ओढली गेली तरी बाक कमी दिसतो. दुखण्यामुळे स्नायू आखडले असतील, तरी मान त्या दिवशी सरळ दिसू शकते. वाढत्या वयात गादी झिजणं, मणक्याच्या कडेला हाड वाढणं हेही तसंच. साठीनंतर बहुतेकांच्या फोटोत ते सापडतं, मग दुखत असो वा नसो.

म्हणून फोटोपेक्षा तपासणी मोठी. मान कुठवर फिरते, हाताची ताकद सारखी आहे का, मुंग्या कुठल्या बोटात येतात, हे डॉक्टरांनी हात लावून पाहिलं पाहिजे. अंगठ्याकडे मुंग्या येत असतील तर सहाव्या नसेचा, मधल्या बोटात येत असतील तर सातव्या आणि करंगळीत येत असतील तर आठव्या नसेचा संशय घेतात. मणके सात असले तरी मानेतून निघणाऱ्या नसांच्या जोड्या आठ असतात. आणि 'बाक परत आणून देतो' अशी हमी देऊन महागडं यंत्र किंवा महिनोन् महिन्यांचं पॅकेज कुणी गळ्यात मारत असेल, तर पैसे देऊ नका. दुखणं कमी होतं, मान मोकळी होते, ताकद येते, आणि तरीही फोटोतली कमान तशीच राहिलेली असू शकते. त्याने काही बिघडत नाही.

भिंतीशी उभं राहून पाहा

टाचा भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा. कुल्ले आणि पाठीचा वरचा भाग भिंतीला टेकवा. आता डोकं टेकतं का? हनुवटी वर न उचलता, नजर समोर ठेवून सहज टेकलं तर छान. टेकवण्यासाठी हनुवटी वर करावी लागत असेल, तर पाठीचा वरचा भाग आखडलेला आहे आणि डोकं पुढे राहण्याची सवय लागली आहे, असं समजा. जोर लावून डोकं भिंतीला चिकटवू नका. मधलं अंतर किती बोटांचं आहे ते लिहून ठेवा. व्यायाम सुरू केल्यावर दीड-दोन महिन्यांनी पुन्हा पाहायचं आहे.

दिवसाचे तास कुठे जातात ते बघा

दिवसाचे आठ-दहा तास मान एकाच जागी अडकून पडत असेल, तर पंधरा मिनिटांच्या व्यायामाने त्याची भरपाई पुरती होत नाही. म्हणून आधी जागा सुधारायची.

लॅपटॉपची अडचण अशी की पडदा नीट उंचीवर आणला तर हात वर जातात, हात नीट ठेवले तर मान खाली जाते. उपाय एकच, वेगळा कीबोर्ड आणि माउस घ्यायचा आणि लॅपटॉप जाड पुस्तकांच्या चळतीवर ठेवायचा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, पडदा हातभर लांब, कोपर काटकोनाच्या आसपास आणि टेकलेलं. दूरचं-जवळचं एकाच काचेत असलेला चष्मा लावणाऱ्यांनी मात्र पडदा थोडा खालीच ठेवावा. नाही तर काचेच्या खालच्या भागातून वाचण्यासाठी हनुवटी दिवसभर वर राहते, आणि मानदुखीचं कारण काही केल्या सापडत नाही.

मोबाइल डोळ्यांकडे वर आणायचा. लोकलमध्ये उभ्याने वाचत असाल तर मोबाइलचा हात पोटावर आडव्या धरलेल्या बॅगेवर टेकवा, म्हणजे हात न थकता फोन छातीच्या उंचीवर राहतो. फोन कान आणि खांद्यात दाबून बोलणं बंद. हेल्मेटमध्ये फोन खुपसून गाडी चालवणं तर दोन कारणांनी बंद, मानेसाठीही आणि जिवासाठीही.

स्वयंपाकघराकडे कुणी बघतच नाही. ओटा फार खाली असेल तर पोळ्या लाटताना, भाजी चिरताना मान अर्धा-पाऊण तास खाली राहते. ओटा काही रोज बदलता येत नाही, पण पोळपाटाखाली एक जाड लाकडी पाट ठेवता येतो. विळीवर बसून चिरण्याची सवय असेल तर विळी थोड्या उंच पाटावर घ्या, किंवा टेबलावर सुरीने चिरा. घरातल्या बाईची मान दुखते तेव्हा तिला 'मोबाइल कमी बघ' असा सल्ला देऊन मोकळं होणाऱ्यांनी आधी ओट्याची उंची मोजावी, असं मला मनापासून वाटतं.

पेपर तपासणारे शिक्षक, शिवणकाम करणारे, सोनार, यांच्यासाठी पृष्ठभाग तिरका करणं हा जुना आणि चांगला उपाय. पेढीवर मुनीम वापरत तसं उतरतं डेस्क वह्या-पेपरांसाठी आजही उत्तम चालतं.

मोटारीत डोकं टेकायचा उंचवटा असतो तो शोभेचा नाही. मागून गाडी आदळली तर मान झटक्याने मागे जाऊ नये म्हणून तो असतो. त्याची वरची कड डोक्याच्या माथ्याजवळ असावी, आणि डोकं व उंचवटा यांत फार अंतर नसावं. बऱ्याच गाड्यांत तो मानेपाशी खाली दाबलेलाच असतो, आज गाडीत बसाल तेव्हा वर ओढून घ्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, बसायची एकच आदर्श पद्धत शोधत बसू नका. ताठ बसण्याची शिक्षा स्वतःला दिली तरी तासाभरात मान अवघडते. दर अर्ध्या तासाने उठायचं, पाणी प्यायचं, खांदे फिरवायचे, खिडकीशी जाऊन लांब बघायचं. मानेला हालचाल हवी असते.

उशी

कुशीवर झोपणाऱ्यांची उशी खांदा आणि कान यांच्यातलं अंतर भरून काढेल एवढी जाड हवी, म्हणजे नाक छातीच्या मध्यरेषेत राहतं. कुणाला तरी मागून बघायला सांगा. डोकं गादीकडे झुकलं तर उशी पातळ, वर उचललेलं दिसलं तर जाड. पाठीवर झोपणाऱ्यांना त्याहून बरीच पातळ उशी पुरते. मानेखाली पोकळी वाटत असेल तर एक पंचा गुंडाळून मनगटाएवढी वळी करा आणि उशीच्या अभ्र्यात खालच्या कडेला सरकवा. दोन-तीन रात्री त्यावर झोपून पाहा, आवडली तर ठेवा, टोचली तर काढा. पालथं झोपणं सोडता आलं तर सोडावं, कारण श्वास घ्यायला मान तासन् तास एका बाजूला वळलेली राहते. 'मणक्याची खास उशी' म्हणून विकतात ती काहींना सोयीची वाटते, पण घ्यायलाच हवी असं काही नाही.

व्यायाम

पहिला आणि मुख्य व्यायाम म्हणजे हनुवटी मागे नेणं. खुर्चीत सरळ बसा, नजर समोरच्या भिंतीवर एका ठिकाणी ठेवा. आता हनुवटी सरळ मागे सरकवा, ड्रॉवर आत ढकलल्यासारखी. वर नाही, खाली नाही. नजर त्या ठिकाणावरून हलली तर चुकलं. गळ्यापाशी दुहेरी हनुवटी होते आणि कवटीच्या कडेखाली हलका ताण जाणवतो. पाच सेकंद थांबा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. हाताकडे कळ जायला लागली किंवा मुंग्या वाढल्या तर तिथेच थांबा आणि तपासून घ्या.

हे जमलं की तोच व्यायाम उताणं पडून, जरा बारकाईने करायचा. डोक्याखाली घडी घातलेला पातळ टॉवेल, गुडघे वाकवलेले. एका हाताची बोटं गळ्याच्या दोन्ही बाजूंना हलकी ठेवा, कानामागून छातीच्या हाडाकडे येणारे दोन लांब स्नायू तिथे लागतात. आता डोकं न उचलता, 'हो' म्हणताना हलते तेवढीच, अगदी किंचित हनुवटी गळ्याकडे घ्या. ते लांब स्नायू बोटांखाली मऊच राहिले पाहिजेत. ते दोरीसारखे टरारले म्हणजे जोर जास्त झाला. मणक्यांच्या अगदी पुढ्यात चिकटलेले खोल स्नायू या छोट्या हालचालीने काम करतात. कमान आतून सावरणारे स्नायू तेच, आणि जुन्या मानदुखीत ते बहुधा ढिले पडलेले असतात. दहा सेकंद, दहा वेळा. सुरुवातीला चार-पाच वेळाच नीट जमेल, तेवढंच करा.

दुसरा व्यायाम फऱ्यांचा, म्हणजे खांद्यामागच्या त्रिकोणी हाडांचा. हात बाजूला सैल, फरे मागे आणि किंचित खाली ओढून एकमेकांजवळ आणा, पाच सेकंद, दहा वेळा. खांदे कानांकडे चढू देऊ नका.

तिसरा, हाताने अडवून जोर देण्याचा. तळवा कपाळावर, डोकं पुढे दाबा पण हलू देऊ नका. मग डोक्याच्या मागे, मग दोन्ही बाजूंना. ताकदीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढाच जोर, पाच-सहा सेकंद, श्वास रोखायचा नाही.

पाठीच्या वरच्या भागासाठी टॉवेलची जाड गुंडाळी करून ती फऱ्यांच्या पातळीवर पाठीखाली आडवी ठेवा आणि दोन-तीन मिनिटं हात पसरून पडून राहा. डोकं अधांतरी लटकू देऊ नका, खाली उशी घ्या. शेवटी मान हळूहळू डावी-उजवीकडे, वर-खाली आणि दोन्ही खांद्यांकडे न्यायची. गरगर गोल फिरवू नका.

ताकद यायला सहा ते आठ आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात फक्त हनुवटीचा आणि फऱ्यांचा व्यायाम करा, बाकीचे एकेक करून वाढवा. सोबत अर्धा तास झपझप चालणं ठेवलंत तर फायदा लवकर दिसतो.

हे टाळा

दाढी-कटिंग झाल्यावर न्हाव्याकडून मान कडाडून मोडून घेऊ नका. मानेच्या मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांतून मेंदूकडे जाणाऱ्या दोन धमन्या वर चढतात. जोराच्या झटक्याने त्यांच्या आतल्या थराला चीर पडू शकते आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो. हे क्वचितच घडतं, पण तेवढ्या क्षणिक बऱ्या वाटण्यासाठी तो धोका पत्करण्यात अर्थ नाही. पार्लरमध्ये केस धुताना बेसिनच्या कडेवर मान बराच वेळ मागे मुडपून ठेवणंही टाळा, मानेखाली जाड टॉवेल मागून घ्या.

योगासनं मानेसाठी चांगली, पण नवशिक्यांनी शीर्षासन, सर्वांगासन, हलासन व्हिडिओ बघून करू नये. पुण्यात बी.के.एस. अय्यंगार यांनी घडवलेल्या पद्धतीत सर्वांगासनात खांद्यांखाली घड्या घातलेल्या घोंगड्या देतात आणि डोकं खाली जमिनीवर ठेवतात, ते मानेवर दाब येऊ नये म्हणूनच. सुरुवातीला मार्जारासन आणि सौम्य भुजंगासन पुरे.

डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय पट्टा लावू नका. सांगितला असेल तर किती दिवस लावायचा हे विचारून घ्या. साध्या दुखण्यात महिनोन् महिने पट्टा लावला की स्नायू आणखी दुबळे होतात. सकाळी मान अचानक धरली तर शेकायचं, सोसेल तेवढी हलवत राहायचं, अंथरुणाला खिळून राहायचं नाही. असं दुखणं बहुतेक वेळा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत उतरतं. गादी सरकून हातात कळ येत असेल तर वेळ जास्त लागतो, पण तिथेही बऱ्याच जणांना ऑपरेशनशिवाय बरं वाटतं.

थांबू नका, डॉक्टरांकडे जा

शर्टाची बटणं लावता येत नाहीत, अक्षर बिघडलं, हातातून वस्तू पडतात, चालताना तोल जातो, लघवी-संडासवर ताबा राहत नाही, यातलं काहीही असेल तर मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. तिथे व्यायाम करत वेळ घालवू नका. पडणं, अपघात यानंतरची मानदुखी, ताप आणि अकडलेली मान, रात्री वाढणारं दुखणं आणि घटतं वजन, पूर्वी झालेला कर्करोग, अंगात किंवा घरात क्षयरोग, संधिवाताचा जुना आजार, या सगळ्यांत तपासणी आधी, व्यायाम नंतर. मानेसोबत छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल तर ती मान समजू नका, थेट इस्पितळ गाठा. तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, आजवर कधी झाली नव्हती अशी अचानक भयंकर डोकेदुखी, यातही तसंच.

चक्कर आली की ती 'मानेची' असं घरीच ठरवू नका. कुशीवर वळताना घर फिरल्यासारखं वाटत असेल तर ते पुष्कळदा आतल्या कानाचं असतं आणि त्यावर साधे, चांगले उपचार आहेत. रक्तदाब, साखर, रक्तातलं लोह हेही बघावं लागतं.

जाताना जुने रिपोर्ट न्या, आणि एका कागदावर लिहून न्या: दुखणं कधी सुरू झालं, कशाने वाढतं, कशाने कमी होतं, मुंग्या नेमक्या कुठल्या बोटांत येतात, आणि भिंतीशी मोजलेलं अंतर किती बोटं होतं.